नावं संपेपर्यंत

बांधकामावर त्यांना सगळे 'वरचे काका' म्हणत. जमिनीपासून साठ मीटर उंच असलेल्या क्रेनच्या केबिनमध्ये ते सकाळी साडेसातला चढून बसत आणि जेवायच्या सुट्टीतही खाली येत नसत. शिडी चढण्या-उतरण्यात वीस मिनिटं जात आणि गुडघे कुरकुर करत. कुणी नवा माणूस त्यांची चौकशी करत आला की खालचा सिग्नलवाला तोंड पाडून म्हणे, "काका? ते वर गेले." समोरचा गडबडला की मग बोट आभाळाकडे करी. काकांच्या बायकोला हा विनोद मुळीच खपत नसे. ती गेल्यावर सिग्नलवाल्याने तो आपणहून बंद केला, आणि काकांना ते जास्त लागलं.

दिवसभराचं त्यांचं बोलणं म्हणजे वॉकीटॉकीवरचे चार शब्द. घे. थांब. डावीकडे. सोड. एखाद्या आठवड्यात याखेरीज आपण काहीच बोललो नाही हे त्यांना कळे ते दुकानात साबण मागताना आवाज घोगरा निघाला की.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. एकुलता एक मुलगा विमानाने जावं लागेल इतक्या लांबच्या शहरात होता. तो कॉम्प्युटरवर सिनेमांसाठी काम करायचा. नेमकं काय, हे काकांना बरेच दिवस समजलं नव्हतं. शेवटी एकदा मुलगा कंटाळून म्हणाला होता की मी इमारती पाडतो, धूळ उडवतो, विटा घरंगळवतो. सिग्नलवाल्याला हे कळल्यावर तो म्हणाला, "बाप बांधतो, पोरगा पाडतो. घरच्या घरी काम पुरवता की तुम्ही."

काकांना सिनेमाचं वेड कधीच नव्हतं. बायकोला होतं. ती रडक्या कौटुंबिक सिनेमांना जाई आणि काका शेजारच्या खुर्चीत डुलक्या काढत. आता मंगळवारच्या सुट्टीला दुपारच्या खेळाचं तिकीट काढून ते एकटे जाऊन बसू लागले, ते केवळ मुलगा ज्या जातीच्या सिनेमांत काम करतो ते बघायला. उडणारे वीर, राक्षस, दुसऱ्या ग्रहावरून आलेली माणसं. दोन वर्षांत त्यांनी तीसेक तरी बघितले असतील. चाहते म्हणतात तसे ते झाले नाहीत. कोणत्या वीराचा कोण शत्रू हे त्यांच्या कधी लक्षात राहिलं नाही, सगळे घट्ट कपड्यांतले तरुण त्यांना सारखेच दिसत. पण मतं मात्र होत गेली.

वीर एका हाताने बस उचलतो तेव्हा ती पुढच्या बंपरला धरून का उचलतो, हे त्यांना पटत नसे. बंपर हातात येईल आणि बस जागेवर राहील. वजन कुठून धरायचं याला अक्कल लागते, ताकद नंतर. उंच गच्चीच्या कठड्यावर छाती काढून उभं राहणाऱ्यांचा तर त्यांना रागच येई. इतक्या उंचीवर वारा असतो, माणूस आपोआप वाकतो. आणि पाठीवर तो लांब झगा सोडायचा म्हणजे मरणाला आवतण. जादूच्या सिनेमांवर त्यांचा राग कमी होता. तिथे निदान कुणी म्हणत नाही की हे असं होऊ शकतं. फक्त तीन-तीन महिने चालत निघालेल्या त्या टोळीत कुणाच्या बुटाचा तळ कसा सुटत नाही आणि म्हातारा जादूगार ऐन वेळेलाच कसा उगवतो, एवढं त्यांना विचारायचं होतं. विचारणार कोणाला? रविवारी सकाळी मुलाचा फोन येई. तो विचारी, सिनेमा कसा होता, आणि काका म्हणत, छान होता. मग हवा, गुडघे, जेवण, आणि ठेवतो.

एका सिनेमाच्या वेळी मुलाने सांगितलं होतं की यात मी सात महिने काम केलंय. त्या मंगळवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. काका बसून राहिले, कारण आता नावं येणार होती. मुंग्यांच्या रांगा वर चढाव्यात तशी नावं वर सरकत गेली. इंग्रजी लिपी त्यांना अडखळतच वाचता येई. मुलाचं नाव तेवढं ते कुठेही ओळखत. पण ते सापडलं नाही. पुढच्या मंगळवारी ते पहिल्या रांगेत बसले. त्याच्या पुढच्या मंगळवारी नवा चष्मा करून गेले. चौथ्या वेळी, झाडू घेऊन भिंतीशी थांबलेल्या सफाईवाल्या बाईंनी त्यांना विचारलं की काही हरवलंय का. काकांनी तिकिटामागे मुलाचं नाव लिहून दिलं आणि सांगितलं, "तुम्ही उजवीकडची रांग बघा, मी डावीकडची बघतो."

दोघं मधल्या वाटेवर उभी राहून बघत राहिली. पडदा पांढरा झाला.

"नाही दिसलं, काका," बाई म्हणाल्या. "माझ्याच नजरेतून सुटलं असेल."

त्या रविवारी फोनवर काकांनी सांगून टाकलं की नाव बघितलं. शेवटी शेवटी आलं, डाव्या बाजूला, तुझी आई असती तर पेढे वाटले असते. 

"बाबा," मुलगा म्हणाला, "माझं नाव नाहीये त्यात."

मग त्याने सांगितलं. त्यांच्या कंपनीतल्या तीनशे जणांनी काम केलं, नावं चाळीस जणांचीच घेतली. त्याला हे आधीच माहीत होतं. बाबा शेवटपर्यंत बसतील असं त्याला वाटलं नव्हतं. शेवटपर्यंत कुणीच बसत नाही. काका स्वयंपाकघरात उभे होते, गॅसवर पाणी उकळत होतं. खोटं पकडलं गेल्याने कान तापले होते, आणि मुलाचे कानही तिकडे तापले असतील असं त्यांना वाटलं. त्यांनी गॅस बंद केला.

"मला खरं सांगा," मुलगा म्हणाला. "सिनेमा कसा वाटला?"

आणि काका बोलायला लागले. बस, बंपर, झगा, वारा, बुटांचे तळ, सगळं. मुलगा मधे मधे हसत होता. हा माणूस एवढं बोलू शकतो हे दोघांनाही नवं होतं. मग काका त्या सिनेमातल्या क्रेनवर आले. संध्याकाळच्या प्रसंगात राक्षस ती क्रेन मुळापासून उपटतो आणि नदीत भिरकावतो. काका म्हणाले की क्रेन तशी मुळातून निघत नाही, आधी मधून मुडपते. पण ते जाऊ दे.

"केबिनमध्ये कुणी होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. माणूस ठेवलाच नव्हता आम्ही."

"मग आत दिवा कशाला चालू होता?"

मुलगा म्हणाला, "ती क्रेन मी केली होती, बाबा. सात महिने तेच करत होतो. मी शाळेतून येताना तुमच्या केबिनचा दिवा दिसायचा ना, म्हणून लावला. कुणी सांगितलं नव्हतं."

चार मंगळवार त्यांनी ती क्रेन नदीत पडताना बघितली होती आणि चारही वेळा मनात म्हटलं होतं, बिचारा कोण आत असेल. ते म्हणाले, "दिवा बरोबर जमला होता. पिवळाच असतो तसा."

पुढचे तीन-चार महिने बरे गेले. मुलगा आठवड्यात मधेच कधीतरी फोन करी आणि विचारी की लोखंडी साखळीला लटकलेलं ओझं वाऱ्यात कसं फिरतं, सळ्यांचा भारा सुटला तर आधी कोणती बाजू खाली येते. काका वरून बघून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला की नीट सांगत. एकदा त्यांनी सिग्नलवाल्याला रिकामा हूक खालून हाताने उगाच दोनदा डोलवायला लावला. सिग्नलवाल्याने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, ऑफिसचं काम आहे.

मग ती कंपनी बंद पडली. मुलाला दुसरी नोकरी लागली, जाहिरातींची. तिथे तो शाम्पूच्या बाटलीवरून ओघळणारे पाण्याचे थेंब करतो. त्याबद्दल काकांना विचारण्यासारखं काही नसतं. फोन पुन्हा रविवारवर आले, मग एकाआड एक रविवारवर. कुणी भांडलं नाही. मुलाचं लग्न ठरलं, तिथेच झालं, काका चार दिवस जाऊन आले. सून चांगली आहे. तिने त्यांना विचारलं की तुम्हाला कोणते सिनेमे आवडतात, तर ते म्हणाले, असं काही नाही.

आता बघायचं कारण राहिलं नव्हतं, तरी मंगळवारचं तिकीट सुटलं नाही. गेल्या महिन्यात त्यांनी एक अवकाशातला सिनेमा बघितला. एक माणूस दोन ग्रहांच्या मधे पाणी वाहून नेणाऱ्या यानात अकरा वर्षं एकटा असतो. राक्षस नाही, मारामारी नाही. दुपारच्या खेळाला प्रेक्षक सहा, मध्यंतरानंतर तीन. तो माणूस जेवायला बसताना समोर दुसरी ताटली मांडतो आणि मग उचलून ठेवतो, ते काकांना पटलं. यानाच्या यंत्राशी गप्पा मारत बसतो, ते पटलं नाही. एकटा माणूस बोलत नाही. बोलायची सवय मोडते, तीच तर अडचण असते. पण एकूण सिनेमा त्यांना मनापासून आवडला. इतक्या वर्षांत, तीस-चाळीस सिनेमांत, हा पहिला.

बाहेर आल्यावर तिकीटखिडकीजवळच्या बाकावर बसून त्यांनी मुलाला फोन लावला. मंगळवारी, आणि आपणहून, असा त्यांनी कधीच लावला नव्हता. त्यामुळे मुलगा घाबरूनच बोलला, काय झालं, बरे आहात ना. काकांनी सांगितलं की काही झालं नाही, एक सिनेमा बघितला. तू बघ. मग आपण बोलू.

मुलगा मीटिंगमध्ये होता. तो म्हणाला, नक्की बघतो, या नाहीतर पुढच्या आठवड्यात.

"घाई नाही," काका म्हणाले.

पुढच्या मंगळवारी ते पुन्हा त्याच सिनेमाला गेले. मुलगा बघेल तेव्हा बारीकसारीक गोष्टी आपल्याला आठवायला हव्यात, म्हणून.