मिटिंगचा पत्ता विचारायची लाज

मंडळी, आज स्वतःचाच लई राग आलाय, म्हणून लिहितोय.

दारू सोडून मला एकवीस दिवस झाले. कळंबला दर रविवारी अकरा वाजता एका शाळेत दारू सोडणाऱ्यांची मिटिंग असते, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. शाळेचं नाव मी विसरलो. तरी ढोकीहून एसटी पकडून वेळेत पोचलो.

स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं, "मामा, रविवारची मिटिंग कुठं असते?" कसली मिटिंग, ते सांगायला जीभ रेटेना.

"ऊसवाल्यांची व्हय? त्या समोरच्या मंगल कार्यालयात."

गेलो. तिथं एका पुढाऱ्यानं हाताला धरून पहिल्याच रांगेत बसवलं. तासभर खोडव्याला खत कधी टाकायचं ते ऐकलं. माझ्याकडं गुंठाभरही रान न्हाय!

शेवटी उठलो, परत चहावाल्याकडं आलो आणि खरं सांगून टाकलं.

"मग आधीच सांगायचं की!" मामा चिडले. "मागच्या गल्लीतली शाळा. माझा थोरला भाऊ दर रविवारी जातो तिथं."

पळत गेलो, तर माणसं पांगलेली. एक काका सतरंजीची घडी घालत होते. म्हणाले, "आता पुढच्या रविवारी या."

पुढचे सात दिवस कसे काढू, ते मलाच माहीत न्हाय.

परक्या गावात गेलो तरी दारूचं दुकान कुठंय, हे मी भर चौकात मोठ्यानं विचारायचो. मग आज तोंड का शिवलं होतं माझं?