कोऱ्या तोंडाच्या बाहुल्या

माझा मामा बाहुल्यांची तोंडं रंगवतो. कारखान्यातून कोऱ्या तोंडाच्या कापडी बाहुल्या खोक्यात भरून घरी येतात. मामा त्यांना डोळे, भुवया, ओठ काढून परत पाठवतो. दोन बाहुल्यांना एकच तोंड त्याने कधी दिलं नाही. एक लबाड, एक रुसलेली, एक नुकतीच झोपेतून उठलेली.

मामी गेली आणि हे सगळं आटलं. मामीच्या तोंडाला कुलूप ठाऊक नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून ती घरात बसवायची आणि मामा कोपऱ्यात ब्रश धुण्याचं निमित्त करून ती माणसं न्याहाळायचा. ती गेल्यावर दाराची कडी निघायची ती खोकं घ्यायला आणि खोकं द्यायला. एकदा अख्खं खोकंच परत आलं, सोबत कारखान्याच्या मालकीणबाई. नेमकी मी तिथेच होते.

"काका, रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण या बाहुल्या हातात घेतल्या की पोरं रडतात हो. पुढचं खोकंही असंच निघालं, तर मला छापील तोंडं करून घ्यावी लागतील."

त्या गेल्यावर मी बाहुल्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि मला हसूच फुटलं. सगळ्यांची डावी पापणी जड, ओठ खाली ओघळलेले.

"अरे मामा, हा तर तूच! फक्त वेण्या घातलेला."

मामा हसला नाही. एक बाहुली घेऊन तो दाढीच्या आरशापुढे गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

"खरं आहे," तो म्हणाला. "दिवसभरात दुसरं तोंड दिसतं कुठे मला?"

माझं हसू जिथल्या तिथे जिरलं. पण माझा स्वभाव एक घाव दोन तुकड्यांचा. मी आरसा उचलून पिशवीत टाकला.

"उद्यापासून दाढी न्हाव्याकडे. दुपारचं जेवण खानावळीत. आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं नाही."

मामाने नन्नाचा पाढा लावला. ओळख ना पाळख, म्हणे लोकांसमोर घास उतरत नाही.

"मग घे छापील तोंडं चिकटवून," मी म्हटलं. ते मात्र त्याला लागलं.

पहिल्या दिवशी तो खानावळीच्या दारातूनच उपाशी परतला. दुसऱ्या खेपेला नुसत्या चहावर भागवून आला. मग एका दुपारी कुठेच जागा नव्हती म्हणून एक नर्स त्याच्या समोर येऊन बसली. तिला ड्यूटीची घाई. गालात घास कोंबून ती सारखी घड्याळ बघत होती. त्या संध्याकाळी मामाने एका बाहुलीचा उजवा गाल फुगवला.

नवं खोकं बघून मालकीणबाई हसून हसून बेजार झाल्या. काम वाचलं. पुढचं खोकं भरत असताना मी मुद्दाम गेले. एका बाहुलीला मिरची लागलेली, एक जांभई दाबणारी, एक उगाचच खूश. ही नर्स, हा घड्याळ दुरुस्त करणारा, ही ताटातली भाजी बाजूला सारणारी मुलगी, असं मामा एकेक उचलून दाखवत होता. त्याला इतकं बोलताना मी मामी गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं. चला, मामाला माणसं मिळाली.

"यांची नावं काय रे?"

"विचारली नाहीत."

"कमाल करतोस! रोज समोर बसतात. नाव विचारायला काय पैसे पडतात?"

मामाने हातातली बाहुली खोक्यात नीट आडवी ठेवली.

"मी विचारलं की तेही माझं विचारतील," तो म्हणाला. "मग घरी कोण कोण असतं, ते विचारतील."