पंचफुलाबाईने स्वतःची गंजी पाडली

सोनाळ्यात कडब्याची गंजी लावायची म्हटली की पहिला निरोप पंचफुलाबाईला जातो. ती पदर खोचून येते. शिडी मागत नाही. खालून पेंढ्या फेकल्या जातात, ती झेलते, रचते आणि गंजीबरोबर स्वतःही वर वर जाते. प्रत्येक पेंढी बाहेरच्या अंगाला उतरती. पाऊस तिच्यावरून घसरतो आणि वाटेला लागतो. शेवटची पेंढी बसेपर्यंत ती खाली येत नाही. चहासुद्धा वरच जातो, किटलीला दोरी बांधून. गार असला तर सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं बोलते.

"माह्या गंजीत पानी शिरलं तं सांगा," ती वरून म्हणते. "कानातले फुलं काढून देईन."

फुलं अजून कानातच आहेत.

तिचं माहेर मलकापूरकडचं. वडिलांना शेत नव्हतं. ते दुसऱ्यांच्या गंज्या लावत, आणि ही त्यांच्यासोबत वर चढे. लग्न होऊन सोनाळ्यात आली, तेव्हा नवऱ्याकडे, किसनरावांकडे, शेत होतं, बैल होते, गंजी मात्र वाकडी होती. नव्या नवरीने ती उतरवून पुन्हा लावली. सासू बोलायची थांबली. मग पाऊस झाला, वैरण कोरडी निघाली, आणि सासू बोलू लागली.

या वर्षी ज्वारी कोणी पेरली नाही, म्हणून कडबा नव्हता. गहू हार्वेस्टरने काढला. मागे राहिलेला गव्हांडा, म्हणजे गव्हाच्या काड्या, ट्रॅक्टरमागच्या यंत्राने गुंडाळला आणि शेतभर गोल गठ्ठे टाकले, ढोलासारखे.

किसनरावांचे गुडघे गेले होते. त्यांनी एकदाच सांगितलं, "वैरण पुरली तं बैल ठेवू. नाही पुरली तं पोळा झाला का बाजार."

 बंड्या या बैलाला पंचफुलाबाईने वासरू असल्यापासून वाढवलं होतं. तिने पदर खोचला आणि गठ्ठ्यांची गंजी लावली. खाली रुंद, वर निमुळती, डोक्यावर ताडपत्री. देखणी झाली.

शेजारच्या वावरात पुष्पाबाईचा खांदा दुखत होता. तिने पऱ्हाटी, कपाशीची वाळकी झाडं, अंथरली आणि उंचवट्यावर गठ्ठे लोटत नेले. एकामागे एक, टोकाला टोक लावून. एक रांग, मध्ये मोकळी जागा, पुन्हा रांग. वर काही नाही.

"पुष्पाबाई, हे काय वं?" पंचफुलाबाई गंजीवरून ओरडली. "गठ्ठे पंगतीले बसवले का?"

"पंगत तं पंगत. माह्यानं वर चढवनं होत नाही."

"पावसात उठंन तुही पंगत. जेवल्याबिगर!"

"पाहू न."

आषाढात झड लागली. सूर्य दिसेना. ती उघडली तेव्हा पंचफुलाबाईने गंजीतून मूठभर गव्हांडा ओढून बंड्यापुढे धरला. बंड्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"नखरे नको करू बे," ती म्हणाली.

दुसऱ्या मुठीलाही त्याने तोंड फिरवलं.

ती गंजीपाशी गेली. दोन गठ्ठ्यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला. आत गरम होतं. गरम भाकरींच्या टोपल्यात हात घालावा तसं. बाहेर आलं ते काळं होतं आणि आंबूस वासाचं.

तशीच ती बांध ओलांडून गेली आणि न विचारता पुष्पाबाईच्या गठ्ठ्यात हात खुपसला. वरचा वीतभर थर ओला. आत थंड, कोरडं.

ती तिथेच उभी राहिली. पेंढीला उतार देता येतो, गोल गठ्ठ्याला नाही. ताडपत्रीच्या कडेने आत आलेलं पाणी वरच्या गठ्ठ्यावरून खालच्या दोन गठ्ठ्यांच्या बेचक्यात बसतं. तिथे ऊन नाही, वारा नाही, आणि ताडपत्री वाफही बाहेर जाऊ देत नाही. पंगतीत मात्र पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून जातं.

"बाजाराचं पाहू का?" किसनरावांनी विचारलं.

"पोळा झाला का? नाही न. मंग?"

लोक वावरातून घरी निघायची वेळ होती. दुसरी कोणी असती तर रस्ता रिकामा व्हायची वाट पाहिली असती. पंचफुलाबाई गंजीवर चढली आणि लाथेने गठ्ठे खाली लोटू लागली.

रस्त्यावर रामराव थांबले. गावातली निम्मी थट्टा त्यांच्याच तोंडून निघते.

"पंचफुलाबाई, गंजी लावून राह्यली का पाडून राह्यली?"

"पाडून राह्यली. चुकली माही. तमाशा फुकट नाही, रामराव. या, हात लावा."

"अन् कानातले फुलं?"

"गंजी माही, फुलं माहे. कोनाले देऊ? बंड्याले?"

रामराव हसले आणि बाह्या सरसावून आत आले. पुष्पाबाईही आली, दुखऱ्या खांद्यासकट.

"पंगत कशी बसवाची ते दाखव मले," पंचफुलाबाई म्हणाली.

"त्यात काय दाखवाचं? आळस कर. झालं."

काळे पडलेले गठ्ठे उकिरड्यात गेले. ओलसर होते ते उलगडून उन्हात पसरले. चांगले निघाले त्यांना उंचवटा मिळाला, खाली पऱ्हाटी. सकाळचं ऊन एका कुशीला, दुपारचं दुसरीला, असं तिने मांडलं. टोकाला टोक पुष्पाबाईसारखं, पण रांग दोरी धरून आखल्यासारखी सरळ. तेवढं तिचं.

त्यानंतरही पाऊस होतच राहिला. पोळ्याच्या आधी तिने एका गठ्ठ्याची सुतळी कापली. वरचा करडा थर सोलून काढला. आतला गव्हांडा पिवळाधमक होता. बंड्याने वास घेतला. एक काडी ओढली. मग गठ्ठ्यात तोंडच खुपसलं.

किसनराव लंगडत रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले.

"मक्याचा कडबा येईपर्यंत पुरंन?"

"पुरंन."

पोळा झाला. बाजाराच्या दिवशी किसनराव नांदुऱ्याला गेले. एकटेच, बैलांशिवाय. परतले तेव्हा पंचफुलाबाई रांगेतल्या गठ्ठ्यावर बसली होती. तिचे पाय जमिनीला टेकत होते. घरातून येताना त्यांनी चहा आणला होता. पिशवीतून त्यांनी नवा कासरा काढला, लाल गोंड्याचा, आणि तिच्या मांडीवर ठेवला.

तिने एक घोट घेतला.

"चहा गार हाय," ती म्हणाली, आणि कासरा घेऊन बंड्याकडे गेली.