बॉनेटवरचा हात

लेकुळे साहेबांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते आमच्या कार्यालयाच्या आवारात एका जीपच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते. लेकराचा ताप पाहावा तसे. हिंगोलीतील ठिबक सिंचनाच्या त्या कंपनीत तो माझा पहिला दिवस होता. चाळिशी ओलांडल्यावर मिळालेली आयुष्यातली पहिली नोकरी, त्यामुळे मी आधीच अवघडलेली. सेनगावकडच्या पुसेगावला जायचे म्हणून त्याच जीपमध्ये एकटीच बसले होते.

"गरम हाय," ते चालकाला म्हणाले. "कुठून आली आत्ता?"

"सेनगावहून, साहेब."

"अन् पुन्हा तिकडंच चालली? आत कोन हाय?" त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिले. "मॅडम, उतरा खाली. एका भाकरीसाठी चूल पेटवायची न्हाई."

मला धक्काच बसला. कार्यालयाच्या प्रमुखाने नव्या अधिकारी बाईला सर्वांसमक्ष गाडीतून उतरवावे, हे माझ्या कल्पनेत बसणारे नव्हते. वाद घालणे मला कधीच जमले नाही. मी निमूटपणे उतरले. काही वेळाने त्याच जीपमध्ये दोन तंत्रज्ञ, नळ्यांची वेटोळी आणि त्या वाटेवरचा एक शेतकरी असे आम्ही दाटीवाटीने बसलो, तेव्हा साहेब खिडकीपाशी आले. "आता निघा. आता बराबर हाय."

पर्यावरण हा शब्द त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला. "धूर आपला अन् तकलीफ दुसऱ्याची, हे बराबर न्हाई," एवढेच ते म्हणत. ते स्वतः एसटीने फिरत. कार्यालयाच्या सगळ्या कामांना त्यांनी दिशांचे वार नेमून दिले होते: सोमवारी गाडी सेनगावकडे, कळमनुरीला आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी शेतकरी आपणहून तिथे येतात. एकदा चालक वैतागून म्हणाला, "साहेब, असंच चाललं तर मला बैलगाडीचं लायसन काढावं लागंल." साहेब शांतपणे म्हणाले, "काढ की. बैल गरमच असतो, हात लावायची बी गरज न्हाई."

पुण्याच्या मुख्य कार्यालयाने त्या सुमारास कामानिमित्तच्या प्रवासातले प्रदूषण कमी करण्याचे ठरवले होते. साहेबांची पद्धत तिथे फार पसंत पडली. ती राज्यभर लागू करायची आणि तिचे प्रमुखपद साहेबांना द्यायचे, असे ठरत आले. पुण्यातल्या बैठकीसाठी वाचलेल्या फेऱ्यांचे तक्ते तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. साहेबांच्या बोलण्यात कधी नव्हे तो उत्साह होता.

त्याच दिवसांत सेनगावकडच्या साखरा गावातल्या गणाजी या शेतकऱ्याचा फोन आला. पाऊस लांबलेला, हळदीला नुकते कोंब फुटलेले, आणि शेताच्या खालच्या अंगाला पाणी पोहोचत नव्हते. सेनगावकडचा वार लांब होता. साहेबांनी त्याला फोनवरच शेत दाखवायला सांगितले. मी शेजारीच होते. पडद्यावर वरच्या नळ्यांतून पाणी ठिबकत होते.

"नळ्यांची टोकं उघडून कचरा काढ. पान्याला दाब तर दिसून राहिला. सोमवारी येतोच आमी."

सोमवारी आम्ही गेलो. पाण्याचा मुख्य पाइप बांधाखाली, जमिनीच्या आत फुटला होता. खालच्या पट्ट्यातले कोंब वाळून काडीसारखे झाले होते. गणाजी ओरडला नाही. "तुमी म्हनले सोमवारी, म्हून थांबलो," इतकेच म्हणाला. साहेब वाफ्यात बसले आणि एकेक कोंब उकरून पाहू लागले.

पुण्याच्या बैठकीला आम्ही दोघे रेल्वेने गेलो. सभागृहात ठिकठिकाणचे अधिकारी जमले होते. त्यांपैकी बरेच जण विमानाने आले होते. मी पहिला तक्ता लावला.

"मॅडम, पुढचं नका दावू," साहेब म्हणाले. ते सर्वांकडे वळले. "साखऱ्याच्या गणाजीची हळद माझ्या नियमानं वाळली. तो बोलवून राहिला होता अन् मी फोनवर बघितली. फेरा वाचला, हळद गेली."

कंपनीच्या मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे ही पद्धत चुकीची आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"पद्धत न्हाई, साहेब. फेरा चुकीचा वाचवला. जमिनीखालचा पाइप फोनवर दिसत न्हाई. पन हा तक्ता फोनवर दिसला असता. मंग आमाला सगळ्यांला इथं काहून बोलावलं?"

आपणच काही अपराध केल्यासारखी मी खाली पाहत राहिले.

प्रमुखपद दुसऱ्या कोणाला मिळाले. नियम मात्र राज्यभर लागू झाला. शेतावरचे फेरे कमी झाले आणि पुण्याच्या बैठका पूर्वीसारख्याच चालू राहिल्या, याचा मला बसलेला धक्का आजही ओसरलेला नाही. हिंगोलीत साहेबांनी आमच्यापुरता एक बदल केला: "शेतकऱ्यानं बोलावलं तर वार बघू नका. एकटं जा, एसटीनं जा, पन जा." गणाजीचा पाइप त्यांनी स्वतः उभे राहून बदलून घेतला. गणाजी त्यानंतर बराच काळ त्यांच्याशी कामापुरतेच बोलला.

गेल्या वर्षी एका सकाळी हिंगोलीच्या बसस्थानकावर, सेनगावच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसलेले असताना, साहेब गेले. शेजारच्या प्रवाशाला वाटले, डुलकी लागली असेल.

कळमनुरीजवळच्या त्यांच्या गावी अंत्यसंस्कार झाले. साखऱ्याची माणसे टेम्पो भरून आली होती. पुण्याहून कंपनीची पांढरी मोटार आली. तिच्यात एकच अधिकारी होते, मागच्या आसनावर पुष्पचक्रासह.

सगळे आटोपल्यावर माणसे पांगू लागली, तेव्हा गणाजी सरळ त्या मोटारीकडे गेला आणि त्याने बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम हाय अजून," तो म्हणाला. "साहेब, पुण्याहून एकलेच आलात?"

"हो," अधिकारी गोंधळून म्हणाले.

"मंग जाताना हिंगोली, सेनगाववरून जा. आमच्या म्हाताऱ्या टेम्पोत उभ्यानं आल्या. वाट जराशी वाकडी पडंल."

अधिकाऱ्यांनी दार उघडले. दोन म्हाताऱ्या त्यांच्या शेजारी बसल्या. चालकाच्या बाजूची जागा तेवढी रिकामी राहिली. गणाजीने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मॅडम, तुमी हिंगोलीच्याच ना? काहून उभ्या हायेत?"

मी जाऊन बसले. गणाजीने बाहेरून दार लावले आणि छतावर थाप मारली. "आता निघा," तो म्हणाला.