चतुर्थीच्या सकाळची सही

मुलुंडला मिसळीच्या दुकानाची फ्रँचायझी घेतली तेव्हा माझ्या स्वयंपाकाला तीस वर्षं झाली होती. तरी कंपनीने मला मिसळ शिकायला एकवीस दिवस मालाडला बोलावलं. असा संताप आला होता! डोक्याला जाळीची टोपी घालून, माझ्या मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर मी मीठ काट्यावर तोलायला शिकले. करारावर दुसरं नाव यांचं होतं, म्हणजे प्रशिक्षण त्यांनीही घ्यायला हवं होतं. पण नुकतेच निवृत्त झालेले, "तू आहेस ना," म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं आणि मीही चालवून घेतलं.

कंपनीचा एक नियम होता. रोज रश्श्याच्या पहिल्या पातेल्याची चव प्रशिक्षण घेतलेल्या मालकाने स्वतः घ्यायची आणि तक्त्यावर सही करायची. कामावरच्या बायकांची सही चालत नसे.

आता माझी संकष्टी असते. यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मी ती धरली, आणि चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही. त्यामुळे चतुर्थीला मी रस्सा नुसता हुंगायचे आणि सही ठोकून द्यायचे. वासावरून मला मीठ कळतं, असा माझा तोरा होता.

अशाच एका चतुर्थीला, दुकान उघडायच्या आत, कंपनीची तपासणीस आली. चेंबूरची पंचविशीतली मुलगी, बोलायला गोड, कामाला कडक. तिने चमचाभर रस्सा घेतला आणि पाणी मागितलं.

"काकू, मीठ दोनदा पडलंय. चव घेतली होती?"

"सही आहे की, बघ ना."

"सही बघितली. मी चव विचारतेय."

माझा चेहरा उतरला. "आज चतुर्थी आहे गं," एवढंच म्हणाले.

तिने पेन टेबलावर ठेवलं. परत उचललं. मग शेरा लिहिलाच. "पुढच्या चतुर्थीला परत येईन, काकू. तेव्हाही असंच निघालं तर दुकान काढून घेतील. मला वाईट वाटतंय हो, पण लोक तुमच्या सहीच्या भरवशावर खातात ना."

राग तिचा आला, पण चूक माझी होती. घरी येऊन मी यांना सांगितलं, संकष्टी धरणंच सोडून देते. सांगताना रडू आलं. ऑपरेशन थिएटरबाहेर बसून बाप्पाला दिलेला शब्द होता तो.

 दुसऱ्या दिवशी सकाळी हे दाढी करून, लिंक रोडची बस पकडून मालाडला गेले. एकवीस दिवस. चहाखेरीज गॅसवर काही ठेवलं नव्हतं या माणसाने. ऑपरेशनपासून बेताच्या मिठाचं जेवणारा, माझ्या कुठल्याही भाजीला "छान" यापलीकडे शब्द न वापरणारा. तो काय चव सांगणार, म्हणून मी महिनाभर धास्तावलेली होते.

चतुर्थी उजाडली. यांनी जाळीची टोपी घातली, चमचा तोंडात घातला, डोळे मिटले.

"मीठ कमी आहे."

"काय?"

"कमी आहे. तोलून बघ."

रश्श्यात पाणी जास्त पडलं होतं. ठरल्या मापाने मीठ घातलं, यांनी परत चव घेतली आणि मगच सही केली. आठ वाजता ती मुलगी आली, चाखलं, तक्त्यावर बरोबरची खूण केली आणि जाताना एक प्लेट मिसळ विकत घेऊन बसून खाल्ली. दुकान राहिलं.

ती गेल्यावर मी यांना गाठलं. "एवढं बारीक कळतं तर तीस वर्षं घरी रोज 'छान' कसं हो म्हणालात?"

टोपी काढत हे म्हणाले, "घरी सही कुठे करायची होती?"