पेरूच्या पाल्याची चांदी

मामा झाडपाल्यातून चांदी काढतात, अशी गल्लीभर बोंब होती. कसली चांदी नि कसलं काय! पाल्यात चांदी असती तर शेळ्यांनी सराफाची दुकानं थाटली असती. चांदीचा क्षार काळ्या बाटलीतून विकत येतो. मामा कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई. ते पेरूचा पाला उकळून देतात, आणि तो काढा क्षाराच्या पाण्यात ओतला की चांदीचे कण तयार होतात. इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर मावतील. जखमेच्या पट्टीला ते लावले की जखम सडत नाही. संपली किमया. पण जेवताना मामांचं पुराण सुरू: "आता समज, हा एक कण..." आणि चिमूट पुढे करणार. चिमटीत काय? काही नाही!

यंदा प्रयोगशाळेच्या सरांनी काढा स्वतः करायला घेतला आणि तीनदा नासवला. दरवेळी द्रावण दुधासारखं पांढरं. "ऑब्व्हियसली, पेरूच हलका आहे," सर नाकातून म्हणाले. शुक्रवारी दवाखान्याच्या मोठ्या नर्सबाई नमुना बघायला येणार होत्या. तो बिघडला तर प्रयोगशाळेला कुलूप आणि मामांची रवानगी फाटकावर, सलाम ठोकायला.

"सर, पाला नळाच्या पाण्यात उकळताय," मामा म्हणाले. "त्यातलं मीठ चांदीला धरतं, म्हणून पांढरं होतं. डिस्टिल्ड पाणी घ्या."

"मामा, तुम्ही बाटल्या धुवा."

घरी हे ऐकून भाची, म्हणजे हे लिहिणारी, फिदीफिदी हसली. "सर डॉक्टरेट, नि तुम्ही बाटल्या विसळणार! कोणाचं खरं?"

"लाव पैज."

मामा हरले तर जेवताना कणांचं नाव काढायचं नाही. भाची हरली तर महिनाभर मामांची नक्कल बंद.

शुक्रवारी भाची मजा बघायला मुद्दाम गेली. सर टायच्या गाठीशी झुंजत होते. तेवढ्यात मामांनी डिस्टिल्ड पाण्यात पाला उकळला, गाळला, निववला आणि क्षाराच्या पाण्यात थेंब थेंब ओतला. पाणी पिवळसर झालं, मग कोऱ्या चहासारखं. "उतरली चांदी," मामा म्हणाले.

"छान! पट्ट्या पाठवा," नर्सबाई म्हणाल्या.

"ऑब्व्हियसली, आमची खास पद्धत," सर म्हणाले. लाज? ती पेरूला!

मामा प्रयोगशाळेतच राहिले आणि भाची पैज हरली. मामांची नक्कल महिनाभर बंद. सरांची जोरात चालू आहे. तिच्यावर पैज नव्हती.