काकांची मान

आत्याच्या यजमानांइतका ताठ मानेचा माणूस उभ्या मालवण तालुक्यात झाला नाही, आणि हे मी कौतुकानं कमी, वैद्यकीय अर्थानं जास्त सांगतो आहे. ओरोसच्या कचेरीत काका नोकरीभर साहेबांशी भांडले. निवृत्त झाल्यावर साहेब उरले नाहीत, पण भांडणाची तयारी अंगात तशीच राहिली. दात आवळलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. कुणी मागून हाक मारली की मान वळायची नाही. कपाट सरकवावं तसे काका अख्खेच वळत. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला, तर म्हणाले, "पट्टो कुत्र्याक बांधतंत!" शेवटी मासळीबाजारात मोटरसायकल मागे घेताना त्यांनी बांगड्यांची अख्खी पाटी उलथवली. मासेवालीनं जो उद्धार केला, तो ऐकून आत्यानं त्यांना आखडलेलं अंग मोकळं करायला शिकवणाऱ्या एका वर्गाला नेऊनच बसवलं.

तिथे घाम गाळायचा नव्हता. शिकवणारी मुलगी उताणं झोपवायची, मान, खांदे, कंबर अगदी सावकाश हलवायला लावायची आणि विचारायची, नको तो जोर कुठे लागतोय? पहिल्याच दिवशी तिनं काकांचं डोकं तळहातांवर घेतलं.

"काका, डोकं सोडा माझ्या हातात."

"सोडलंय."

"नाही सोडलंत."

"सोडलंय म्हणान सांगतंय ना!"

तिनं अलगद हात काढून घेतले. डोकं हवेत तसंच राहिलं.

"माझां डोक्यां माझांच आयकत नाय?" काका भडकले, आणि त्या रागावरच रोज जाऊ लागले. घरीही सराव सुरू झाला. वाडीत हसू झालं, तशी त्यांनी चटई उचलून थेट रस्त्याकडेच्या अंगणात टाकली. "हसांदेत! मी हयच लोळतलंय." ढिलं पडणं म्हणजे हार, असं मानत आलेला हा माणूस आता सगळ्यांच्या नाकावर टिच्चून ढिला पडू लागला. एकदा चटईवरूनच मला हळूच म्हणाले, "ह्या सगळां मी कोणासाठी आवळून धरलेलंय रे?"

परवा संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो होतो. काका नेहमीसारखे तरातरा पुढे. मधेच त्यांनी चालता चालता मान वळवली. नुसती मान. मागे लांबवर आत्या गुडघ्यावर हात ठेवून येत होती.

"तू इतक्या हळू कधीपासून चालतंस गो?"

"झाली बरीच वर्सां," आत्या म्हणाली.

काका यावर भांडले नाहीत. ती येईपर्यंत तिच्याकडे बघत उभे राहिले.